पंप ओरडतो, पण दोष कुठे असतो?

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की तासगाव-मिरज भागातून पेट्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या रात्रंदिवस धावू लागतात. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी पसरणी घाटाने वाईकडे उतरते. माल नाशिवंत असतो आणि गाडीचा हप्ता ठरलेला असतो. अशा वेळी स्टेअरिंग वळवताच बॉनेटखालून गुरगुर येऊ लागली की मालक घाईने गॅरेज गाठतो. तेथे पुष्कळदा झाकण न उघडताच निदान होते, "पंप गेला, नवा टाका." मालक पैसे मोजतो आणि थोड्याच दिवसांत तोच आवाज घेऊन परत येतो. हे टाळण्यासाठी होतकरू कारागिराने तपासणी कोणत्या क्रमाने करावी, ते या पाठात पाहू.

प्रथम रचना समजून घेऊ. विक्रीच्या मोटारीत पॉवर स्टेअरिंग प्रथम १९५१ साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने दिले. आज अनेक मोटारींत विजेवर चालणारे स्टेअरिंग असते व त्यात ऑईलचा पंप नसतो. बोलेरोसारख्या पिकअपमध्ये मात्र ऑईलचा पंप सर्रास आढळतो. इंजिन पट्ट्याने हा पंप फिरवते. आत खाचा असलेली चकती आणि त्या खाचांत सरकणाऱ्या पातळ पात्या असतात. त्या टाकीतून ऑईल ओढतात आणि दाबाने स्टेअरिंगकडे ढकलतात. पंपाचे वंगणही याच ऑईलने होते. त्यामुळे ऑईल कमी पडले किंवा त्यात हवा शिरली की चांगला पंपसुद्धा ओरडतो.

आता आवाज ओळखू. वळवताना चिरचिर किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर तो बहुधा सैल पट्ट्याचा असतो. घूं-घूं असा, रेस वाढवली की वाढणारा आवाज ऑईलची कमतरता किंवा हवा सुचवतो. स्टेअरिंग वळवा अथवा न वळवा, खरखर सतत येत असेल तर बेअरिंगचा संशय घ्यावा. चाके पूर्ण वळवल्यावर क्षणभर येणारा फुस्स आवाज हा दोष नव्हे. जास्तीचा दाब झडपेतून सुटतो, त्याचा तो आवाज. मात्र स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. ऑईल तापते आणि पंपावर ताण येतो.

तपासणी स्वस्त गोष्टीपासून सुरू करावी.

(१) ऑईल : टाकीतील पातळी खुणेपर्यंत आहे का ते पाहावे. फेस किंवा बुडबुडे दिसले तर हवा शिरते आहे. ऑईल काळे व जळक्या वासाचे असेल तर सगळे बदलावे आणि टाकीतील जाळी साफ करावी. जाळी तुंबली तरी पंप उपाशी राहतो. ऑईल गाडीच्या पुस्तकात दिलेलेच घालावे. ब्रेक ऑईल कधीही घालू नये. त्याने आतील रबरी सील खराब होतात.

(२) टाकीपासून पंपाकडे येणारी नळी : हीच जागा कारागिराला जास्त फसवते. या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे क्लिप सैल झाली किंवा रबराला चीर पडली तर ऑईल ठिबकेलच असे नाही; उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सारे कोरडे दिसते आणि दोष पंपाच्या माथी येतो. नळी वाकवून चिरा पाहाव्यात आणि गरज पडल्यास नळी व क्लिप बदलावी.

(३) पट्टा : इंजिन बंद करून ताण, चिरा व चकाकी पाहावी. पट्ट्यावर ऑईल सांडले असेल तर आधी गळती थांबवून मगच पट्टा बदलावा.

(४) पंप : वरील सर्व ठीक असेल तरच पंपाकडे वळावे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपाच्या अंगावर टेकवून मूठ कानाशी धरावी. अल्टरनेटरवरही तसेच ऐकून तुलना करावी. हात, बाही पट्ट्यापासून दूर ठेवावी. खरखर पंपातच असेल किंवा पुली डगमगत असेल तर पंप काढावा. पुली पुलरनेच काढावी, हातोड्याने नव्हे.

नवा पंप बसवण्यापूर्वी जुने ऑईल पूर्ण काढून नळ्या धुवाव्यात. जुन्या पंपाचा कीस आत राहिला तर तो नव्या पंपालाही खातो. मग पुढची चाके उचलून गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश १५-२० वेळा फिरवावे आणि पातळी भरत राहावी. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करून तेच पुन्हा करावे. ही हवा काढण्याची मेहनत टाळली तर नवा पंपही पहिल्या दिवसापासून ओरडतो.

या कामात हयगय का चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. पंप बंद पडला तरी स्टेअरिंग तुटत नाही. पण ते एकदम जड होते. खंबाटकीच्या वळणावर भरलेल्या गाडीत असा प्रसंग आला तर चालकाच्या जिवाशी गाठ आहे.

राहिला धंद्याचा हिशेब. क्लिप आणि नळी बदलून गॅरेजला फारसे सुटत नाही, हे खरे आहे. म्हणून तपासणीची मजुरी वेगळी लावावी आणि बिलात तसे स्पष्ट लिहावे. काढलेला भाग गिऱ्हाईकाच्या हाती द्यावा, फेसाळलेले ऑईल त्याला दाखवावे. ज्याचा पंप आपण वाचवला, तो मालक पुढचे प्रत्येक काम आपल्याकडे आणतो आणि अड्ड्यावर उभ्या असलेल्या चार जणांना आपल्या गॅरेजचा पत्ताही देतो.