टवका उडाला की मीठ शिरतं

डेट्रॉईट शहराखाली, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदलेल्या या खाणीतून आजही रस्त्यांसाठी खडेमीठ निघतं. ज्या शहरानं जगाला मोटारी दिल्या, त्याच शहराच्या पोटात मोटारींचा चिवट वैरी राहतो.

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क आणि सीमेपलीकडचं टोरांटो या पट्ट्यात बरीच मराठी मंडळी राहतात. पुण्या-नागपुराहून ऑगस्टमध्ये आलेली मुलं जुनी कोरोला किंवा सिव्हिक घेतात. पुढे बर्फ पडतो, रस्त्यावरच्या मिठानं गाडी पांढरीफटक होते आणि मग जो तो आपापला सल्ला देतो. त्यातले काही सल्ले गाडीचं वाटोळं करणारे असतात, म्हणून हे लिहायचं.

मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. 23.3 टक्के मीठ असलेलं पाणी उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही, म्हणून हिमवादळाआधीच टँकर हे खारं पाणी रस्त्यावर फवारून जातात. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे 9-10 अंशांखाली साधं मीठ मंदावतं. मग कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे दोन्ही क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसाच गाडीवर बसलेला या क्षारांचा थर वरून कोरडा दिसला तरी ओल धरून असतो. गंजाला तेवढी ओल पुरते.

आता रंगाकडे येऊ. विजेच्या प्रवाहानं पत्र्यावर बसवलेला इ-कोट, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, या सगळ्यांची मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर. क्लिअर कोट धड असेल तर मीठ त्याचं सहजी काही बिघडवत नाही. दारांवरचा पांढरा थर पाहून जीव घाबरा होतो, पण खरा धोका पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यात असतो. बॉनेटच्या कडेला किंवा चाकावरच्या कमानीला तो लागतो, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान टवका उडतो आणि पत्रा उघडा पडतो. तिथून खारं पाणी आत जातं, गंज रंगाखालून आडवा पसरतो. वर फोड दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं.

आमच्या गाडीच्या मागच्या कमानीवर असाच रंग फुगला. गाडी घेताना शोरूमनं रंगसंरक्षणाचं पॅकेज आणि लांबलचक हमी दिली होती. तक्रार घेऊन गेलो, तेव्हा कळलं की खडा लागून झालेलं नुकसान त्या हमीत धरलेलंच नाही. गाडीच्या कंपनीची गंजाची हमी वेगळी होती, पण ती पत्रा सडून आरपार भोक पडलं तरच लागू व्हायची. बहुतेक हमीपत्रं अशीच असतात. तेव्हा पैसे मोजण्याआधी या दोन अटी शोधून वाचाव्यात. तेच पैसे बंपर, बॉनेटची पुढची कड आणि मागच्या चाकांपुढचा भाग यांवर जाड पारदर्शक फिल्म लावण्यात जास्त कामी येतात. सिरॅमिक कोटिंगनं धुणं सोपं होतं, खडा अडत नाही. चांगले मडफ्लॅप तर अगदी स्वस्तात बसतात.

तयारी दिवाळीच्या सुमारास करावी. गाडी स्वच्छ धुऊन, उन्हात उभी करून टवके शोधायचे. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. त्यावरून टच-अप रंगाची छोटी बाटली मिळते. गंज धरला असेल तर तो आधी खरवडून, गंजरोधक प्रायमर लावून मगच रंग भरायचा. गंजावर नुसता रंग फिरवला तर गंज आत वाढतच राहतो. कडक थंडीत रंग नीट वाळत नाही, म्हणून हे काम डिसेंबरवर टाकू नये. शेवटी वॅक्स किंवा सीलंटचा हात.

हिवाळा सुरू झाला की सगळ्यात जास्त नुकसान फडक्यानं होतं. कोरडं मीठ आणि वाळू बसलेल्या गाडीवरून हातानं फडकं फिरवणं म्हणजे क्लिअर कोट घासून काढणं. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं सगळं सुटू द्यावं, मगच साबण. घरी धुणाऱ्यांनी दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी स्पंज खळबळायला. शून्याच्या वर तापमान असलेला दिवस निवडावा आणि दारांचे रबर पुसून कोरडे करावेत, नाहीतर रात्री दारं गोठून बसतात. साधारण पंधरवड्यातून एकदा, आणि वादळ सरून रस्ते कोरडे झाले की लगेच, धुणं पुरतं. बाहेर धुऊन घेताना ब्रश नसलेलं, खालून फवारा मारणारं मशीन बघावं.

खालून, हे महत्त्वाचं. कोकणात खारा वारा गाडीला चहूबाजूंनी लागतो. इथे चाकं मीठ खालून मारतात. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं 2015 मध्ये ब्रेकच्या गंजलेल्या नळ्यांची चौकशी पूर्ण केली, तेव्हा वाहनमालकांना हिवाळाभर गाडीची खालची बाजू धुण्याचा आणि जुन्या गाड्यांच्या नळ्या तपासून घेण्याचा सल्ला दिला. 2017 मध्ये तिथल्या एएए या वाहनचालक संघटनेनं पाहणी करून अंदाज मांडला, की आधीच्या पाच वर्षांत रस्त्यावरच्या मिठामुळे आलेल्या गंजाच्या दुरुस्तीवर अमेरिकेतल्या चालकांचे 15.4 अब्ज डॉलर गेले.

गरम केलेल्या गॅरेजबद्दलही सांगायला हवं. खारट बर्फ लागलेली गाडी तिथे उभी केली की बर्फ वितळतो, खारं पाणी सांध्यांत शिरतं, आणि ऊब मिळाल्यानं गंज बाहेरच्या थंडीपेक्षा वेगानं चढतो. गॅरेज असेल तर जरूर वापरावं, पण आत नेण्याआधी गाडीवर पाणी मारून.

गाडीच्या पोटाला दर शरदात तेलकट किंवा लॅनोलिनचा फवारा मारून घेणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. काळा रबरी थर दिसायला भक्कम, पण त्याला तडा गेला की पाणी त्याच्या आड अडकून राहतं. काहीही मारलं तरी दारांच्या तळाशी असलेली पाणी निघायची भोकं बुजू देऊ नयेत. त्यात पानं अडकतात आणि दार आतून सडतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी वरच्या चकाकीकडे पाहण्याआधी टॉर्च घेऊन खाली वाकावं. दारांखालच्या पट्टीच्या आतून हात फिरवावा, मागच्या कमानींची कड चाचपावी, गाडी कुठल्या राज्यांत वापरली गेली याचा अहवाल मागवावा. मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवून ब्रेकच्या नळ्या दाखवून घ्याव्यात. विकणारा याला नको म्हणाला, तर दुसरी गाडी बघावी.