उंटाचे खंगणे : सर्रा की जोन्स रोग?

कच्छमधील रबारी पशुपालकांचे मेंढ्यांचे कळप विदर्भात फिरतात. त्यांचे बिऱ्हाड उंटांवर असते आणि शेतकरी खतासाठी हे कळप आपल्या शेतात बसवतात. अशा कळपातील उंट खंगू लागला की प्रथम सर्रा रोगाचा संशय येतो. तो रास्तच आहे. मात्र तपासणी तेथेच थांबली, तर आतड्याचा जोन्स रोग दृष्टीआड राहतो.

दोन रोगांतील भेद

सर्रा हा ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या रक्तातील आदिजीवामुळे होतो. टॅबॅनस, म्हणजे घोडमाशी, व तत्सम चावऱ्या माश्या त्याचा प्रसार करतात. अधूनमधून येणारा ताप व रक्तक्षय ही त्याची प्रमुख लक्षणे असून त्यावर औषधोपचार उपलब्ध आहे.

जोन्स रोगाचे वर्णन 1895 मध्ये जर्मनीत योने व फ्रॉदिंगहॅम यांनी केले. क्षयाच्या जिवाणूशी नाते असलेला मायकोबॅक्टेरियम गटातील जिवाणू त्यास कारणीभूत आहे. त्याच्या प्रसारास माशी लागत नाही. विष्ठेने दूषित चारा-पाणी, तसेच बाधित मादीचा चीक व दूध यांतून तो पिलांना होतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पेशींच्या सूक्ष्म गाठी तयार होऊन अस्तर जाड होते व त्यास वळ्या पडतात. अन्नरसाचे शोषण घटते, प्रथिने झिरपून जातात. त्यामुळे भूक टिकूनही जनावर हगवणीने क्षीण होते.

कळपाला धोका

बाधा लहानपणी होते, लक्षणे मात्र बहुधा काही वर्षांनी दिसतात. तोपर्यंत विष्ठेतून जिवाणू पसरत राहतात व ओलसर, सावलीच्या जागी ते वर्षभरही तग धरू शकतात. मेंढ्या-शेळ्यांत अनेकदा हगवण नसते, केवळ वजन घटते. म्हणून हगवणीने खंगणारा एक उंट संपूर्ण कळपाच्या तपासणीचे कारण मानावा.

निदान व नियंत्रण

- रक्तनमुन्याची सर्रासाठी, तर विष्ठेची झील-नील्सन रंजन व पीसीआरद्वारे तपासणी करावी. रक्तरसाची एलायझा चाचणीही उपयुक्त ठरते.
- विष्ठेतून जिवाणू सतत बाहेर पडतीलच असे नाही. त्यामुळे एका नकारार्थी अहवालावरून जनावर निरोगी ठरवू नये.
- या रोगावर खात्रीशीर उपचार नाही. बाधित जनावर वेगळे करावे. त्याचे दूध पिलांना पाजू नये.
- चारा-पाणी जमिनीपासून उंच ठेवावे.
- संशयित कळप बसवलेल्या शेतात वासरे व करडे चरण्यास सोडू नयेत.
- मथुरेजवळील मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने देशी लस विकसित केली आहे. मेंढ्या-शेळ्यांतील वापराबाबत पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.