वारांचा हिशोब

चि. सोनू,

'सात वार वेदांत सांगितले आहेत' या तुझ्या वाक्याखाली बाईंनी लाल रेघ ओढली म्हणून रुसलीस, असं ताई म्हणाली. बाईंचं बरोबर आहे, बाळ. नोकरीच्या सुरुवातीला मीही वर्गात हेच ठोकून देत असे.

कागद घे. जुन्या लोकांनी मानलेले सात ग्रह लिही, सर्वांत मंद आधी: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. हा काही वारांचा क्रम नव्हे. आता शनिवारी सूर्योदयापासून तासातासाला एकेक ग्रह धनी म्हणून बसव. एकविसाव्या तासाला तीन फेऱ्या संपतात. बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीचा, म्हणून तो रविवार! तसंच पुढे मोज, सोमवार येईल. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा समोरचा चहा गार झाला होता.

या तासाला ज्योतिषी होरा म्हणतात. 'अहोरात्र'ची पहिली-शेवटची अक्षरं गळून तो झाला, ही फोड वराहमिहिराने नोंदवली आहे. फोड झकास, पण ग्रीकांचा शब्दही होराच. आणि वारही तिकडे जुनेच. इटलीतलं पाँपेई इ.स. 79 मध्ये राखेखाली गेलं. तिथल्या भिंतीवर वारदेवतांची यादी खरडलेली सापडली. महाभारतात तिथी-नक्षत्रं आहेत, वार नाहीत. आपल्याकडे वार कोरलेला सर्वांत जुना लेख म्हणून दाखवतात तो सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावरचा: गुप्त संवत 165, म्हणजे इ.स. 484, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. राजाचं नाव मात्र बुधगुप्त!

वार बाहेरून आले म्हणून कमीपणा वाटून घेऊ नकोस. तुझ्या पणजीचा बेस्तरवार बृहस्पतीवरून आला आणि ती त्या दिवशी उपास करायची. तो वार परका आहे, असं तिला कुणी म्हणून दाखवलं असतं का? पण आपलं आहे म्हणून पुराव्याविना लिहायचंही नाही. आधी मोजायचं, मग लिहायचं.

वही फाडू नकोस. ते वाक्य खोड, त्या जागी होऱ्यांचं कोष्टक काढ आणि बाईंना दाखव. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' पोस्टाने धाडतो आहे. 1896 चं मराठी आहे, जड जाईल. वारांविषयीचं तेवढं आईकडून वाचून घे. दिवाळीला येशील तेव्हा पुस्तक परत आण.

तुझा,
मामा