नोकरीचा ताण आणि गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने

गरोदरपणाचा अठ्ठाविसावा आठवडा ओलांडला की नोकरी करणाऱ्या स्त्रीपुढे रजेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो बहुतेक वेळा केवळ तारखेचा प्रश्न म्हणून विचारला जातो. घरातील वडीलधारी मंडळी सातवा महिना लागताच घरी बसण्याचा आग्रह धरतात, कार्यालयाला शक्य तितकी उशिराची तारीख हवी असते, आणि बाळंतपणानंतरचे दिवस हाती राहावेत म्हणून ती स्त्री स्वतःच कळा सुरू होईपर्यंत कामावर जाण्याचा बेत करते. वैद्यकीय दृष्टीने पाहता तारीख सर्वांत शेवटी ठरवायची असते. त्याआधी त्या स्त्रीची आजची प्रकृती कशी आहे आणि तिच्या नोकरीत शरीराला व मनाला नेमके काय सोसावे लागते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. ज्या कामाला सरसकट ‘ताणाचे काम’ म्हटले जाते, त्यातील काही भाग निरुपद्रवी असतो, काही भाग बदलून घेता येतो आणि थोडाच भाग असा असतो की ज्यासाठी नोकरीच थांबवावी लागते.

गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात निरोगी स्त्रीने दिवस भरेपर्यंत बेताचे काम केल्याने बाळाला अपाय होतो, असे मानण्यास आधार नाही. मात्र या काळात शरीर आधीच जादा भार वाहत असते: रक्ताचे एकूण प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असते, हृदयाला दर मिनिटाला अधिक रक्त फिरवावे लागते, आणि वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरांवर पडत असतो. त्यामुळे तासन्‌तास उभे राहिल्यास रक्त पायांत साकळते, सूज वाढते आणि काही वेळा चक्कर येते. मानसिक ताणाविषयी मात्र घबराट अधिक आणि माहिती कमी अशी स्थिती आहे. ताणाच्या प्रसंगी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून शरीराला सावध करणारे रसायन, वाढते; परंतु वारेमध्ये, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोषण पोहोचवणाऱ्या अवयवामध्ये, असे एक विकर (एन्झाइम) असते की जे या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग बाळापर्यंत पोहोचण्यापूर्वी निष्प्रभ करते. हे संरक्षण पूर्ण नसते, आणि महिनोन्‌महिने चाललेला तीव्र ताण दुर्लक्षिण्याजोगाही नसतो. तरीही एखाद्या दिवशी वरिष्ठांशी खटका उडाला किंवा कामाची मुदत गाठताना धावपळ झाली म्हणून बाळाचे नुकसान झाले असेल, ही भीती निराधार आहे. काही बिघडले की ‘नोकरी सोडली नाहीस म्हणून झाले’ असे स्त्रीला ऐकवण्याची जी रीत आहे, ती अन्यायाची आहे आणि वैद्यकशास्त्राचा तिला पाठिंबा नाही.

ज्या गोष्टींचा मुदतपूर्व प्रसूतीशी, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी होणाऱ्या प्रसूतीशी, काही प्रमाणात संबंध आढळला आहे, त्या बहुतांशी कामाच्या मांडणीशी निगडित आहेत: आठवड्याला चाळीसहून बरेच अधिक तास, रात्रपाळी, वरचेवर जड वजन उचलणे आणि दीर्घकाळ उभे राहणे. प्रत्येक स्त्रीपुरती ही वाढ लहान असते. पण या सर्व गोष्टी एकाच नोकरीत एकत्र आल्या, जसे रुग्णालयातील परिचारिकेच्या किंवा कारखान्यातील कामगार स्त्रीच्या बाबतीत घडते, तर त्यांच्याकडे डोळेझाक करता येत नाही.

बँकेच्या रोख काउंटरचे उदाहरण या दृष्टीने जवळून पाहण्याजोगे आहे, कारण ते काम बसून करायचे असल्यामुळे घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही ते हलके वाटते. मार्चअखेरीला समोर रांग असते. जागेवरून उठायचे तर रोकड मिटवून खण कुलूपबंद करावा लागतो, आणि बदली बसायला दुसरे कोणी नसते. अशा वेळी गर्भवती कॅशिअर उठायला लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच कमी पिते आणि लघवी तुंबवून धरते. गरोदरपणात मूत्रवाहिन्या आधीच सैलावलेल्या असतात व लघवीचा निचरा मंदावलेला असतो, त्यामुळे जंतुसंसर्गाला वाव मिळतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो, आणि त्यातून वेळेआधी कळा सुरू होण्याचा धोका संभवतो. शिवाय सलग बसण्याने पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची गरोदरपणात मुळातच वाढलेली शक्यता आणखी वाढते. या स्त्रीला कदाचित रजेची गरज नसेल. तिला दर तासा-दीड तासाने दहा मिनिटे उठू देणारा सहकारी, पायांखाली ठेवायला एखादे बुटके स्टूल आणि शेवटचे दोन महिने रोखीऐवजी आतल्या टेबलावरचे काम हवे असेल. ताणाचा मोठा भाग कामाच्या ओझ्यापेक्षा त्या कामावर आपला काहीच ताबा नसण्यातून येतो, म्हणून असा छोटा बदलही बराच दिलासा देऊन जातो.

याउलट काही स्थितींत काम कितीही सुखाचे असले तरी ते चालू ठेवण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. वार गर्भाशयाच्या मुखावर किंवा मुखालगत असणे आणि अंगावरून रक्त जाणे, गर्भाशयमुखाची लांबी कमी झालेली असणे, जुळी बाळे असणे, आधीची प्रसूती मुदतीपूर्वी झालेली असणे, बाळाची वाढ अपेक्षेपेक्षा कमी असणे, आणि विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळणे, या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील वाढलेल्या रक्तदाबाचे निदान नोकरदार स्त्रीच्या बाबतीत फसण्याची शक्यता असते, कारण तपासणी बहुधा सुटीच्या दिवशी, विश्रांती झालेली असताना होते. म्हणून घरी यंत्र असल्यास, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, कामाच्या दिवशी सकाळी आणि परतल्यावर संध्याकाळी रक्तदाब मोजावा आणि ते आकडे तारखेसह वहीत लिहून पुढच्या तपासणीला न्यावेत. हिमोग्लोबिन ११ पेक्षा खाली असणे ही आपल्याकडे फार सर्रास आढळणारी बाब आहे, आणि ज्या थकव्याला स्त्री नोकरीचा ताण समजते, तो पुष्कळदा पंडुरोगाचा थकवा असतो. तो रजेने जात नाही, उपचाराने जातो. त्याचप्रमाणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन सतत उदास राहणे, कशातच रस न वाटणे, झोप उडणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात, आणि गरोदरपणातही त्यांवर उपचार उपलब्ध आहेत. नोकरी सोडून घरी बसण्याचा अर्थ अंथरुणाला खिळणे असाही कोणी घेऊ नये: पूर्ण पडून राहिल्याने मुदतपूर्व प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही, उलट स्नायू दुर्बळ होतात आणि गुठळीचा धोका वाढतो.

शेवटपर्यंत कामावर जाण्यामागे बहुधा रजेचा हिशेब असतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. म्हणजे आठही आठवडे आधी घेतले तर बाळासाठी १८ उरतात. हा हिशेब समजण्याजोगा आहे, पण तो मांडताना कायद्यातील आणखी दोन तरतुदी बहुतेकींना ठाऊक नसतात. पहिली अशी की, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, म्हणजे साधारण तिसाव्या आठवड्यापासून, गर्भवतीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत ती रजेवर गेली नसेल तर तेव्हाही हेच संरक्षण लागू राहते. दुसरी अशी की, गरोदरपणामुळे आजारपण उद्‌भवल्यास, त्याचा पुरावा दिल्यावर, या २६ आठवड्यांव्यतिरिक्त एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. वाढलेल्या रक्तदाबासाठी घरी राहावे लागले म्हणून बाळाच्या वाट्याचे आठवडे खर्ची घालण्याची त्यामुळे गरज पडू नये. येथे डॉक्टरांचीही एक जबाबदारी आहे. ‘विश्रांतीची आवश्यकता आहे’ एवढ्या मोघम वाक्याच्या प्रमाणपत्रावर कार्यालयाला रजा देणे किंवा नाकारणे एवढेच सुचते. त्याऐवजी ‘रात्रपाळी देऊ नये, सलग एक तासाहून अधिक उभे करू नये, पाच किलोहून अधिक वजन उचलायला लावू नये, दोन आठवड्यांनी फेरतपासणी’ अशा नेमक्या शब्दांत प्रमाणपत्र लिहिले गेले, तर पगार आणि रजा दोन्ही सांभाळून काम चालू राहू शकते. स्त्रीने अशा प्रमाणपत्राची मागणी निःसंकोच करावी आणि विनंती तोंडी न करता लेखी करून पोच घ्यावी.

हा सारा विचार अर्थातच हजेरीपटावर नाव असलेल्या स्त्रीपुरता आहे. बीडहून साखर कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला जाणाऱ्या, आगाऊ उचल घेतलेल्या जोडप्यातील स्त्रीला खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर चढण्याचे काम ती आठव्या महिन्यातही करते. वैद्यकीय निकषांवर काम सर्वांत आधी थांबायला हवे ते तिचे, आणि थांबवण्याची मुभा सर्वांत कमी तिलाच आहे. तिच्यापर्यंत पोहोचू शकणारी एक सोय म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत होणारी मोफत तपासणी. तोडीच्या गावातील आशा कार्यकर्तीने कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, जाऊन गर्भवतींची चौकशी केली आणि मुकादमाने त्या दिवसाचा खाडा धरला नाही, तरच ती सोय उपयोगाची ठरते.

कार्यालयातून सुटल्यावरचे कामही या हिशेबात धरले पाहिजे. आठ तासांची नोकरी, दीड-दोन तासांचा प्रवास आणि त्यानंतर ओट्यापाशी उभे राहून चारचौघांचा स्वयंपाक, अशा दिवसात नोकरी हाच एक भाग कमी करण्याचा सल्ला घरचे देतात, तेव्हा पोळ्या लाटण्याचे काम दुसऱ्या कोणी उचलल्याने काय साधेल याचा विचार आधी व्हायला हवा. लोकलने प्रवास करणाऱ्या स्त्रीने गर्दीची वेळ टळेल अशी कामाची वेळ मागून घ्यावी. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याचा बेत असेल, तर रजेची तारीख त्या प्रवासाशी जुळवावी, प्रवास शेवटच्या दोन-तीन आठवड्यांवर ढकलू नये, आणि सोनोग्राफीचे अहवाल, रक्तगट व रक्तदाबाच्या नोंदी असलेली फाइल सोबत नेऊन तिथल्या डॉक्टरांना आधीच दाखवावी.

निर्णय कोणताही झाला तरी दर तपासणीला तो नव्याने पाहावा, कारण तिसाव्या आठवड्यात झेपलेले काम पस्तिसाव्यात झेपेलच असे नाही. आणि तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येणे, चेहऱ्यावर व हातांवर एकाएकी सूज येणे, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ३७ आठवड्यांपूर्वी ठरावीक अंतराने पोट कडक होणे, किंवा डाव्या कुशीवर शांत पडून लक्ष दिले असता दोन तासांत बाळाच्या दहा हालचालीही न जाणवणे, यांपैकी काहीही झाले तर हातातले काम तिथेच सोडून, कोणाला तरी सोबत घेऊन, त्याच वेळी रुग्णालय गाठावे. रजेचा अर्ज दुसऱ्या दिवशी घरच्या कोणीही नेऊन दिला तरी चालतो.