कुलूप, किल्ली आणि अँटीबॉडी

फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये आपण सगळ्यांनीच कानस घासून घासून मेल-फीमेल जॉब बनवलाय. सर दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला की जॉब परत! अँटीबॉडी व्हायरसला कशी ओळखते हे वाचताना मला आधी तोच जॉब आठवला. (माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.)

आधी थोडी ओळख. अँटीबॉडी, म्हणजेच प्रतिपिंड, हे इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं प्रथिन. त्यात चार साखळ्या असतात : दोन जड, दोन हलक्या. ही रचना उलगडल्याबद्दल जेराल्ड एडलमन आणि रॉडनी पोर्टर यांना १९७२ चं नोबेल मिळालं. वायच्या प्रत्येक हाताच्या टोकाला सहा लूप असतात, तीन जड साखळीचे आणि तीन हलकीचे. कोणती अँटीबॉडी काय पकडणार, हे मुख्यतः हे लूप ठरवतात. त्यातही जड साखळीचा तिसरा लूप, एच-३, सगळ्यात जास्त बदलणारा.

आता पेप्टाइड म्हणजे काय? व्हायरसच्या मोठ्या प्रथिनाचा छोटासा तुकडा, मोजक्या अमिनो आम्लांची साखळी.

एमिल फिशरने १८९४ मध्ये एन्झाइमसाठी कुलूप-किल्लीची उपमा दिली. अँटीबॉडीलाही ती लावली जाते, पण इथे कुलूप लवचिक असू शकतं! १७/९ नावाची अँटीबॉडी फ्लू व्हायरसच्या हिमॅग्लुटिनिन प्रथिनातलं एक पेप्टाइड पकडते. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिच्या रिकाम्या आणि पेप्टाइड धरलेल्या, अशा दोन्ही अवस्थांच्या क्रिस्टल रचना ताडून पाहिल्या. पेप्टाइड आल्यावर एच-३ लूपने आपली ठेवणच बदलली होती. म्हणजे खाच आधीपासून पूर्ण तयार नव्हती. आपला लोखंडी जॉब असं कधी करेल का?

मग पेप्टाइड टोचलं की लस तयार, असं वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. इथे एचआयव्हीची गोष्ट बघा.

२एफ५ ही अँटीबॉडी एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना निकामी करते. ती जीपी-४१ प्रथिनातला सहा अमिनो आम्लांचा गाभा ओळखते. पत्ता इतका नेमका सापडल्यावर तेच पेप्टाइड वापरून लसीचे प्रयत्न झाले. त्यातून पेप्टाइडला चिकटणाऱ्या अँटीबॉडी मिळाल्या, पण २एफ५ सारखा व्हायरस त्यांना रोखता येईना.

असं का? एक तर सुटं पेप्टाइड पाण्यात दोऱ्यासारखं वळवळत असतं. व्हायरसवर असताना त्याला विशिष्ट आकार असतो. दुसरं म्हणजे हा भाग व्हायरसच्या चरबीच्या आवरणाला अगदी लागून आहे. २एफ५ चा एच-३ लूप चांगला २२ अमिनो आम्लांचा, लांबलचक. त्याचं टोक पेप्टाइडला जवळपास शिवतच नाही! टोकावर पाण्यापासून दूर पळणारी अमिनो आम्लं आहेत. शास्त्रज्ञांनी ती बदलून पाहिली. पेप्टाइड जवळजवळ पूर्वीसारखंच पकडलं गेलं, पण व्हायरस रोखण्याची ताकद मात्र पार घसरली. म्हणजे ते बिनकामाचं वाटणारं टोक आवरणाशी जुळवून घेण्यासाठी लागतं.

मित्रांनो, मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पेप्टाइडवरची टेस्ट म्हणजे सुटा पार्ट बेंचवर तपासणं. तो पास झाला म्हणून असेंब्लीत चालेलच असं नाही. एचआयव्हीवर अजून मान्यताप्राप्त लस नाही, आणि त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

तेव्हा यापुढे कुठल्याही आजाराच्या बातमीत 'अँटीबॉडी सापडल्या' असं वाचलंत, तर एक प्रश्न जरूर विचारा : त्यांनी व्हायरसला ओळखलं हे ठीक, पण रोखलं का?