“बाबाले सांगू नका, फादर”



नोव्हेंबर महिन्यात आपण आपल्या मृतांसाठी पुष्कळ करतो. दोन तारखेला कबरस्थानात जाऊन गवत काढतो, क्रूस रंगवतो, मेणबत्त्या लावतो, मिस्सा मागतो. ते चांगलेच आहे. परंतु जो माणूस अजून आपल्या घरात खाटेवर आहे आणि ज्याचे दिवस थोडे राहिले आहेत हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो? आजच्या लेखात त्याचा थोडा अभ्यास करू.

एक प्रसंग सांगतो. त्या कुटुंबाला विचारूनच लिहीत आहे. देवरीकडच्या एका गावातून एका तरुणाचा फोन आला. वडिलांना पोटाचा कर्करोग होता. नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरी न्या असे सांगितले होते. मुलगा म्हणाला, “फादरजी, बाबाले पाहाले या जी. पण झगा घालून येऊ नका, अन् तेल आणू नका. बाबा घाबरतीन.”

मी साधा शर्ट घालून गेलो. तेलाची कुपी मात्र खिशात होती. चहा झाला, धानाच्या भावावर बोलणे झाले. “औषध लागू पडत आहे,” असे मुलगा दोनतीनदा मोठ्याने म्हणाला आणि वडिलांनी प्रत्येक वेळी मान हलवली. मग मुलगा पाणी आणायला आत गेला. वडिलांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, “फादर, मले समजलं आहे. पण पोराले सांगू नका. पोरगं खचून जाईन.” (हे पापनिवेदनातले बोलणे नव्हते, नाहीतर मी ते कधीच सांगितले नसते.)

म्हणजे बाप मुलाला सांभाळत होता, मुलगा बापाला सांभाळत होता, आणि एकाच खोलीत राहून दोघेही एकटे पडले होते. त्या माणसाच्या मनात एक गोष्ट अडकली होती. शेताच्या धुऱ्यावरून धाकट्या भावाशी त्याचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. भावाला बोलवा म्हणावे तर आपल्याला सारे कळले आहे हे उघड होणार. म्हणून तो गप्प होता.

मी कोणाचेही गुपित फोडले नाही. मुलगा आल्यावर त्याला खाटेवर बसवले आणि वडिलांना विचारले, “तुम्हाला याला काही सांगायचे आहे का?” बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील रडले, मुलगा रडला, आणि जे बोलायचे होते ते अर्ध्या तासात बोलून झाले. संध्याकाळी भाऊ आला. तो एक शब्दही बोलला नाही, पायथ्याशी बसून मोठ्या भावाचे पाय चेपत राहिला. सर्वांच्या देखत मी त्यांना पवित्र तेल लावले. त्यानंतर ते अकरा दिवस जगले.

घरोघरी जे खोटे बोलले जाते ते कोणी दुष्टपणाने बोलत नाही. ते प्रेमापोटी बोलले जाते, आणि म्हणूनच मोडणे कठीण जाते. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को भागातील रुग्णालयांत मरणासन्न माणसांचे आणि त्यांच्या भोवतालच्यांचे निरीक्षण केले आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना चार अवस्था दिसल्या. कधी रुग्णाला काहीच ठाऊक नसते. कधी त्याला शंका येते आणि तो इतरांच्या तोंडाकडे पाहत राहतो. कधी दोघांनाही ठाऊक असते, पण दोघेही सोंग करतात. आणि कधी सर्व जण उघडपणे बोलतात. आपल्या धर्मग्रामात मला ही तिसरी अवस्था फार दिसते. त्यात आपल्याकडे रिपोर्ट रुग्णाच्या हातात क्वचितच दिला जातो. तो मुलाच्या किंवा जावयाच्या पिशवीत असतो. ज्याचे शरीर, त्यालाच सर्वांत शेवटी कळते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला सॉक्रेटिसचा मृत्यू शिकवला होता. तो न डगमगता विषाचा पेला पितो, त्याचे आम्हाला फार कौतुक वाटे. पण प्लेटोने लिहिलेल्या त्या वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते. त्याची पत्नी झांटिप्पी रडू लागते, तेव्हा तो तिला घरी पाठवून देतो. पुढे बायकामुले पुन्हा भेटून जातात, आणि शेवटी मित्रांना रडू आवरेना तेव्हा त्यांनाही तो दटावतो. शांत मरायचे तर आप्तांचे अश्रू दूर हवेत, असा त्याचा विचार होता.

पवित्र शास्त्रात असे दिसत नाही. याकोब आपला अंत जवळ आला हे ओळखतो, योसेफाला बोलावून आपल्याला कोठे पुरावे ते सांगतो, त्याच्याकडून शपथ घेतो, नातवांना जवळ घेतो आणि मग बाराही मुलांना खाटेभोवती गोळा करतो (उत्पत्ती ४७ ते ४९). तेथे लपवाछपवी नाही. आणि आपला प्रभू? गेथशेमानी बागेत त्याने शिष्यांपासून आपले दुःख लपवले नाही. आपला जीव किती व्याकूळ झाला आहे हे त्याने त्यांना सांगितले आणि जागे राहा अशी विनंती केली (मत्तय २६). ते झोपले, ही गोष्ट वेगळी. क्रूसाजवळ आई उभी होती. तिला त्याने दूर पाठवले नाही. तिची आणि प्रिय शिष्याची पुढची सोय तेथेच लावून दिली (योहान १९). संत योसेफाला आपण उत्तम मरणाचा आश्रयदाता मानतो, तेही याच कारणाने. येशू आणि मरिया जवळ असताना त्याने प्राण सोडला अशी परंपरा आहे.

तर मग रुग्णाला रिपोर्ट वाचून दाखवायचा का? नाही. सत्य सांगणे म्हणजे ते अंगावर टाकणे नव्हे. आधी विचारावे: “तुम्हाला काय वाटते? डॉक्टर काय म्हणाले असतील?” बहुतेक वेळा उत्तरावरून कळते की त्यांना ठाऊकच आहे. एखाद्याला खरोखरच ऐकायचे नसते. त्याच्यावर जबरदस्ती करू नये. पण तो विचारतो आहे आणि आपण विषय बदलतो आहोत, असे होऊ नये.

तेलाच्या भीतीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या भीतीमुळे फार नुकसान होते. आपले आजीआजोबा या संस्काराला ‘अंत्यलेपन’ म्हणत. फादर तेल घेऊन आले म्हणजे माणूस गेलाच, असा समज तेव्हापासूनचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने सांगितले की याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य आहे, आणि पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये त्याचा नवा विधी दिला. आजाराने किंवा म्हातारपणाने धोका निर्माण होऊ लागला की हा संस्कार घेता येतो. मोठ्या ऑपरेशनपूर्वी घेता येतो. माणूस बरा होऊन पुन्हा आजारी पडला किंवा आजार बळावला, तर पुन्हा घेता येतो. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात वडीलजनांना बोलावण्यास आजारी मनुष्याला सांगितले आहे. म्हणजे तो बोलावण्याइतका शुद्धीवर आहे. खरा अखेरचा संस्कार तेलाचा नसून ख्रिस्तप्रसादाचा आहे, प्रवासाला निघणाऱ्याची शिदोरी. ती शिदोरी घ्यायला गिळता यावे लागते.

आता माझीच गोष्ट. माझे वडील नागपूरला दवाखान्यात होते. मी धर्मगुरू होऊन चार वर्षे झाली होती. दादाने मला दारातच सांगितले, “यांना काही कळता कामा नये.” मी मान्य केले. वडिलांनी एकदा मला विचारले, “दिवाळीला घरी असेन ना रे?” मी म्हणालो, “असणारच.” त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि भिंतीकडे तोंड वळवले. मग मला पुन्हा काही विचारले नाही. नवरात्र संपता संपता ते गेले. अभ्यंग मीच दिला, पण तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती. नंतर आईने सांगितले की तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी आपला पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून ठेवायला सांगितला होता. आईला सांगितले, कारण तिने खोटे सांगितले नव्हते. दुसऱ्यांच्या बापांजवळ मी जे बोलू शकलो ते माझ्या बापाजवळ बोललो नाही.

एकत्र बसायचे तर वेदना आटोक्यात हव्यात. कळवळणाऱ्या माणसाशी काय बोलणार? या बाबतीत आपल्या महाराष्ट्रात एक मोठे काम झाले आहे. १९८६ साली बांद्र्याला, मोतमाउलीच्या मंदिराजवळ, शांती अवेदना सदन सुरू झाले. भारतातील हे पहिले हॉस्पिस. टाटा रुग्णालयातील कर्करोग-शल्यविशारद डॉ. लुईस जोस डिसोझा यांनी ते उभारले. ज्यांच्या आजारावर आता उपाय उरला नाही अशा कर्करोग्यांना तेथे विनामूल्य ठेवून घेतात, धर्म विचारत नाहीत, आणि होली क्रॉसच्या धर्मभगिनी त्यांची शुश्रूषा करतात. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही अशी सदने झाली. ही कल्पना डेम सिसिली सॉन्डर्स यांची. त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढले. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. शरीराची, मनाची, घरच्या काळजीची आणि आत्म्याची वेदना एकमेकींत गुंतलेली असते, म्हणून उपचार चारही बाजूंनी हवा, असे त्या शिकवत.

काही भाविक मला म्हणतात, वेदना सोसणे हेच ख्रिस्ती माणसाला शोभते, मॉर्फीन कशाला? पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच स्पष्ट केले होते की वेदना शमवण्यासाठी असे औषध देण्यात पाप नाही, त्याने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरीही, जर हेतू मारण्याचा नसेल आणि दुसरा उपाय नसेल. आपल्या सरकारनेही २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मॉर्फीन मिळण्याच्या अडचणी कमी केल्या. तेव्हा डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

दुसरा प्रश्न व्हेंटिलेटरचा. शेत विकून, कर्ज काढून माणसाला यंत्रावर ठेवतात, कारण ‘नको’ म्हटले तर आपण मारले असे होईल ही भीती. ख्रिस्तसभेची शिकवण अशी: मरण घडवून आणणे हे कधीही योग्य नाही. पण ज्या उपचाराचे ओझे मोठे आणि फायदा नाही असा उपचार न घेणे किंवा थांबवणे म्हणजे हत्या नव्हे (धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद २२७८). स्वच्छता, अन्नपाणी, सोबत, हे मात्र सोडायचे नाही. पोप दुसरे जॉन पॉल २००५ मध्ये अखेरच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. २ एप्रिलला ते आपल्या खोलीतच वारले, आणि त्या संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ मिस्सा झाली होती.

कायद्यानेही हा विषय आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खाटेपासून सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका कामगाराने अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा होऊन त्या ४२ वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्या. त्यांना जाऊ द्यावे अशी याचिका झाली, तेव्हा केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला, आणि ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना त्या परिचारिकांनाच अरुणाच्या खऱ्या आप्त मानले. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोर झाला नाही याची नोंद निकालात आहे. १८ मे २०१५ रोजी त्या न्यूमोनियाने गेल्या. आपल्या धर्मग्रामातल्या कित्येक मुली नर्सिंगला आहेत, त्यांनी हे जरूर वाचावे. त्याच निकालाने कठोर अटींवर उपचार थांबवण्याची वाट उघडली. ९ मार्च २०१८ च्या निकालाने प्रौढ व्यक्तीला आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार दिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. असा कागद करायचा असेल तर त्यात ख्रिस्तसभेच्या शिकवणीविरुद्ध काही नाही ना, ते माझ्याकडून पाहून घ्या. पण कागदापेक्षा आधी घरात बोलणे व्हावे. पन्नाशीच्या पुढच्यांनी जेवताना सहज विषय काढावा. पहिल्यांदा सगळे म्हणतील, “असं अभद्र बोलू नका.” दुसऱ्यांदा ऐकतील.

फादरांना बोलावले म्हणजे काय तयारी लागते, असे पुष्कळ जण विचारतात. एक लहान टेबल किंवा स्टूल, त्यावर स्वच्छ कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, पेलाभर पाणी. टीव्ही बंद. पापनिवेदनासाठी काही मिनिटे आजाऱ्याला आणि मला एकटे सोडा, मग सर्वांनी आत या. मुलांना शेजारी पाठवू नका, त्यांना आजीचा हात धरू द्या. शेजारचे हिंदू, बौद्ध बंधू आले तर त्यांनाही बसू द्या. झगा मी घालूनच येईन.

बंगल्याचा फोन रात्रीही सुरू असतो. रात्री दोन वाजता केलात तरी येतो, आजवर आलो आहे. पण त्याच दिवशी सकाळी दहाला केलात तर बाबा माझ्याशी बोलू शकतील.

तुमचा,
धर्मग्रामगुरू