‘पँथर’ या नावाचा प्रवास

मुंबईत १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी ‘दलित पँथर’ स्थापन केली, तेव्हा अमेरिकेतील ब्लॅक पँथर (१९६६) त्यांच्या डोळ्यांपुढे होती. तेवढ्यावरून या चळवळीस अनुकरण ठरविणे उथळपणाचे होय. नाव परके होते. गावकुसाबाहेरचा अनुभव आणि आंबेडकरी विचार येथलाच. शिवाय ही वाट जुनीच. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांस. आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला.

बेंगळूरच्या जयनगरातील मराठी वाचकास या प्रवासाचा पुढचा टप्पा घराजवळच आढळेल. १९७३ मध्ये कर्नाटकाचे मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी बरेचसे कन्नड साहित्य ‘बूसा’, म्हणजे जनावरांचे खाद्य, असल्याचे म्हटले. गदारोळ उसळला, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, मंत्र्यांस पद सोडावे लागले. त्या क्षोभातून पुढे दलित संघर्ष समिती आकारास आली. मुंबईच्या पँथरांचे उदाहरण तिच्यापुढे होते, परंतु तिने ते नाव मात्र घेतले नाही. आणि तिच्या सभांतील गाणी सिद्धलिंगय्या यांच्या कन्नडात जन्मली.